चंद्रावर होतं, मग गारखेड्यात का नाही?

खोली भाड्याने देताना घरमालक काय विचारतात ते सगळ्या भाडेकरूंना पाठ असते. लग्न झालंय का, खोलीत मटण शिजवणार का, पाहुणे किती येतात. गारखेड्यातल्या या घरमालकांनी मला दारातच विचारले, "तुमच्या गावची विहीर किती खोल आहे?"

मी वैजापूर तालुक्यातला. वाळूजच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि डोक्यावर छप्पर मिळेल तर विहिरीचीही माहिती द्यायला तयार होतो. म्हणालो, "असंल सात-आठ परस."

"खाली काय लागलं?"

"पाणी."

त्यांचा चेहरा पडला. "पाणी सगळ्यांनाच लागतं हो. पाण्याच्या आधी काय लागलं? लाल माती लागली का?"

आमच्या विहिरीत खाली एक लाल पट्टा दिसायचा, एवढे मला आठवत होते. ते सांगितल्याबरोबर ते आत जाऊन किल्ली घेऊन आले. स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आला, "अहो, नाव तरी विचारा त्याचं."

नाव त्यांनी त्या दिवशी विचारले नाही आणि नंतरही कधी विचारले नाही. मी त्या घरात होतो तोवर मी 'वैजापूर' होतो. "काय वैजापूर, चहा घेता का?" माणूस ज्या खडकावरून आला तेच त्याचे खरे नाव, असे त्यांचे मत होते. त्यांना मात्र सगळी कॉलनी 'सर' म्हणायची, कारण त्यांनी जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवले होते. निवृत्त झाल्यावर वर्ग संपला, शिकवणे संपले नाही. समोर जो सापडेल तो विद्यार्थी.

विषय एकच. लाव्हा. आता लाव्हा जमिनीतून बाहेर येतो, वाहतो, थंड होऊन त्याचा काळा दगड होतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. आपण मराठवाड्यातली माणसे त्याच दगडावर जन्मतो आणि त्याच दगडाच्या पाट्यावर मिरची वाटतो. पण वाहताना तो लाव्हा आपल्या खालच्या जमिनीचे काय करतो, हे कुणी विचारत नाही, हे सरांचे दुःख होते.

"तो नुसता वाहत नाही, वैजापूर. खात जातो." आणि मग मी पायऱ्यांवर एक पाय वर, एक पाय खाली ठेवून ऐकत राहायचो. लाव्हा इतका तापलेला की खालचा खडक मऊ पडतो, वितळतो. वितळला की वरचा प्रवाह त्याला ओरबाडून पुढे नेतो. एकाच वाटेने खूप काळ वाहत राहिला तर नदीसारखा नाला कोरतो. चंद्रावर असे नागमोडी नाले आहेत, कोसच्या कोस, आणि तिथे कधी पाण्याचा ओहोळ वाहिलेला नाही. मंगळावर आहेत. बुधावरही असावेत. गुरूच्या एका चंद्रावर तर आजही लाव्हा वाहतो आहे.

"चंद्रावर होतं, मंगळावर होतं, मग गारखेड्यात का नाही?"

हे ते अशा तक्रारीच्या सुरात विचारत, की मंगळाला नाला मंजूर झाला आणि आमच्या वॉर्डाला मुद्दाम डावलले असे ऐकणाऱ्याला वाटावे.

त्यांच्या विरुद्ध बाजूला एकच माणूस होता. त्यांच्याच कॉलेजातले, त्यांच्याच विषयाचे, आता हर्सूलला राहणारे दुसरे सर. त्यांचे नाव अर्थातच 'हर्सूल'. दर रविवारी सकाळी सर मोठ्याने हाक मारत, "हर्सूलला फोन लावा," आणि मग तास-दीड तास भांडण चाले. हर्सूलला मध्यवर्ती कारागृह आहे. त्यामुळे पहिला महिनाभर मी असे धरून चाललो होतो की सरांचा कुणी जवळचा नातेवाईक आत आहे, आणि रविवारी मी चपला हातात घेऊन हळू जिना उतरायचो. काकूंशी बोलतानाही जरा नरमाईने बोलायचो. एकदा मी त्यांना धीर देत म्हणालो, "सुटतील लवकर." काकू म्हणाल्या, "कोण? ते दोघं? ते कुठले सुटतात."

हर्सूलच्या सरांचे म्हणणे असे, की आपल्याकडचा लाव्हा शांत स्वभावाचा. चंद्रावरच्यासारखा धावला नाही. वरून साय धरली, आतून भरत गेला, तव्यावर भाकरी फुगते तसा जागच्या जागी फुगला. खालची माती भाजून लाल झाली, बस्स. खाल्ली-बिल्ली काही नाही.

"भाजली म्हणतो," सर फोन ठेवून चिडायचे. "म्हणजे घरात शिरला, चूल पेटवली आणि न जेवता गेला."

पुराव्याची जागा दोघांनाही मान्य होती. लाव्ह्याचा एक थर जिथे खालच्या थरावर टेकतो तिथे मधे भाजलेल्या मातीचा लाल पट्टा असतो. तो सगळीकडे सारखा सपाट असेल तर हर्सूलचे खरे. तो कुठे मधेच वाकून खोल गेला असेल, किंवा कापला गेला असेल आणि तिथे काळा दगड थेट काळ्या दगडात घुसला असेल, तर तो खाल्ल्याचा पुरावा, म्हणजे सरांचे खरे. पण तो पट्टा जमिनीच्या पोटात. त्यामुळे शहरात कुणी खड्डा खणला की तिथे सर हजर.

एकदा एका नव्या बंगल्याच्या पायाच्या खड्ड्यात ते उतरले आणि पालथे पडून जमिनीला नाक लावून बसले. बंगल्याचा मालक हे लांबून बघत होता. आपल्या भागात जमिनीला नाक लावणारा म्हातारा दिसला की लोकांना एकच गोष्ट सुचते, निजामाच्या काळातला हंडा. मालकाने सरांना चहा पाजला, 'कसं काय वाटतं' म्हणून हळूच विचारले. सर म्हणाले, "अजून पुरुषभर खाली गेलात तर खरं काय ते निघेल." मालकाने दुसऱ्या दिवशी मशीन लावून पुरुषभर खणले. हंडा निघाला नाही, लाल पट्टाही निघाला नाही. सर म्हणाले, "अजून थोडं." इंजिनिअरने मालकाला आवरले म्हणून बरे, नाहीतर त्या बंगल्याला तळघर झाले असते.

दुसरा प्रसंग जेवणाचा. मला पगारवाढ झाली म्हणून मी सरांना शहागंजकडे मटणाचा नान खलिया खायला नेले. माझी चूक अशी, की मी त्यांना पहिला घास घ्यायला सांगितला नाही. त्यांनी नान वाटीला टेकवून तिरपा उभा केला आणि उकळती तर्री चमच्याने वरून सोडायला लागले. खायचे नाव नाही. टेबलाजवळचा वेटर थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "चाचा, खाना है के नान को नहलाना है?"

"इधर देखो," सर म्हणाले. "पैली तर्री किधर से गई? बीच में से. दूसरी? वो भी उधरसेच. क्यूं?"

"नान नरम है चाचा."

"ज़मीन भी नरम थी, बेटा."

तेवढ्यात नानाला भोक पडले आणि सगळी तर्री माझ्या नव्या पँटवर. सर खुर्चीवरून अर्धे उठले, आनंदाने. "बघा, आरपार." मी घरी रिक्षाने येईपर्यंत त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आले नाही.

घरात तर काकूंनी तुपाचा डबा कपाटात कुलपात ठेवला होता, कारण एका दिवाळीला गुलाबजामचा उकळता पाक सरांनी थिजलेल्या तुपाच्या वडीवर ओतून नाला कोरून दाखवला होता. नाला सुरेख झाला होता, असे काकूही मान्य करत. तूप साजूक होते, एवढेच त्यांचे म्हणणे.

या काकूंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पाणी. आमच्या शहरात नळाला पाणी येते तेव्हा सणासारखे वाटते आणि सणासारखेच ते वरचेवर येत नाही. काकू लहानपणापासून डोक्यावर घागरी वाहत आलेल्या. 'बोअर घ्या, बोअर घ्या' म्हणून त्यांनी सरांच्या मागे लकडा लावला. सर ऐकेनात. "बोअर म्हणजे खडकाची पावडर. खाली काय होतं ते कळतच नाही. रताळ्याचा किस करून रताळं कसं होतं विचारण्यासारखं आहे."

मग एक दिवस सर आपण होऊन म्हणाले, "बोअर नको, विहीर खणू." प्लॉट जुना, मोठा होता, मागे जागा होती. काकूंनी कॉलनीभर सांगितले की या माणसाने जन्मात पहिल्यांदा घरासाठी काहीतरी मनावर घेतले. आमच्या वैजापूरला विहीर पाण्यासाठी खणतात. ही कशासाठी होती ते मला समजले होते.

काम रहीमभाईंनी घेतले. विहिरी खणण्यात त्यांची हयात गेली होती, पण असे गिऱ्हाईक त्यांना भेटले नव्हते. दर हातभर खणले की सर काम थांबवत, शिडीने खाली उतरत, भिंती ओल्या फडक्याने पुसत आणि भिंगातून बघत. रहीमभाई वरून म्हणायचे, "सर, हम कुआं खोद रैं के पोस्टमार्टम कर रैं?"

अखेर एका सकाळी खालून ओरड आली. लाल थर लागला होता. आणि घात असा, की त्याच्या अंगाअंगाने पाणीही लागले होते. दोघांची इच्छा देवाने एकाच वेळी, एकाच जागी पुरी केली.

काकू धावत आल्या. नारळ फोडला, ताटातले हळदकुंकू पाण्यावर टाकले, ओटी सोडली. त्यांना रडू आवरेना. मलाही भरून आले, खोटे कशाला सांगू. आणि सर शेजारी उभे राहून म्हणत होते, "पंप लावा. पंप लावा लवकर. बुडतंय."

रहीमभाईंनी मोठा पंप लावला. "सर, लोगां पानी लगने के वास्ते दुआ करते," ते म्हणाले, "आप पैले बंदे हैं, पानी लगा तो निकालने लगा रैं." पाणी धो धो रस्त्यावर जायला लागले. ते बघून अख्खी कॉलनी पिंपे, घागरी, बाळाचा टब, मिळेल ते घेऊन धावली. सर खाली उतरले आणि तिथून आम्हाला एकेक बाजू कळवू लागले.

"उत्तर. सपाट."

थोड्या वेळाने, "पश्चिम. सपाट."

मग जरा हळू आवाजात, "दक्षिण. सतरंजी अंथरल्यासारखी."

मग पूर्व. पूर्वेला ते भिंत चाचपत राहिले, आणि एकदम ओरडले, "खाल्लंय! वैजापूर, खाल्लंय इथं! लाल पट्टा तिरपा खाली घुसलाय!"

मी काठावरून इतका वाकलो की रहीमभाईंनी माझा शर्ट धरला. खाली सर बोटाने भिंत पुसत होते. त्यांनी बोट नाकाशी नेले, वास घेतला आणि सावकाश वर काकूंकडे पाहिले.

"हे कुंकू आहे," ते म्हणाले.

"मग?" काकू म्हणाल्या. "मी पाण्याची पूजा केली. दगडाची नाय केली."

सरांनी ओंजळीने ती भिंत धुतली. कुंकू गेल्यावर खालचा खरा पट्टा दिसला, आणि तो त्या कोपऱ्यात खरोखरच किंचित वाकत होता. वाकून पाण्यात शिरत होता. पुढे खोल जातो की पुन्हा वर येतो, ते पाण्याखाली. "अजून हातभर पाणी काढा," सर म्हणाले. "फक्त हातभर."

काकूंनी जाऊन पंप बंद केला.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "इथं लोकाला प्यायाला पाणी नाय अन् तुम्ही नालीत सोडून राहिले. वर या."

पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत आले तेव्हा सर वर आले. ते काकूंवर रागावले नाहीत. अंगही न पुसता त्यांनी हर्सूलला फोन लावला, रविवार नसताना. "तीन बाजू तुमच्या निघाल्या," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारले गेले असावे. "चौथी अजून बघितली नाही. बघितल्याशिवाय ती तुम्हाला देणार नाही, अन् मीही घेणार नाही."

पुढे विहिरीवर काकूंनी एवढीशी मोटर बसवली. टाकी भरेल, पण विहीर उपसणार नाही, अशी निवडून आणली. पाणी गोड निघाले. नळ नसेल त्या दिवशी कॉलनीतल्या बायका घागरी घेऊन यायच्या आणि काकू ओट्यावर बसून नंबर लावायच्या, एखाद्या संस्थानच्या राणीसारख्या. सर कठड्याशी उभे राहून पाण्यात बघत असायचे. पूर्वेच्या बाजूला.

त्या काळातले सरांचे गुपित मला आणि काकूंनाच माहीत होते. आमच्याकडे जून लागला की सगळी माणसे आभाळाकडे बघतात. सरही बघायचे, पण उलट आशेने. विहीर आटावी अशी इच्छा करणारा मराठवाड्यातला तो एकमेव माणूस असावा. चांगला पाऊस झाला की लोक एकमेकांना पेढे द्यायचे आणि सर पेढा हातात धरून सुतक असल्यासारखे बसायचे. काकू मला बजावायच्या, "बाहेर बोलू नको रं. लोक दगडं मारतील यांना."

"मारू दे," सर म्हणायचे. "कुठल्या थरातले आहेत ते तरी बघू."

आणि मग एक वर्ष पाऊस खरोखरच दडी मारून बसला. उन्हाळ्यात नळ नावालाच उरला, टँकरवाला फोन उचलेना, आणि विहीर दिवसागणिक खाली गेली. लाल पट्टा उघडा पडू लागला. उत्तर, पश्चिम, दक्षिण. पूर्वेला तो कोपरा तेवढा राहिला, हातभर पाण्याखाली, गाळावर. सर जेवेनात. दिवसातून दहादा कठड्याशी जाऊन येत. पण बोलले काही नाहीत.

बोलल्या काकू. एका सकाळी मी खाली आलो तर अंगणात रहीमभाई मोठा डिझेल पंप घेऊन उभे, आणि रिक्षातून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उतरत होते. मी पहिल्यांदाच हर्सूल बघितला. दोघांनाही काकूंनी बोलावले होते.

"लावा पंप," त्या सरांना म्हणाल्या. "गाळ बी काढून घ्या. किती वर्सं वाट बघितली तुम्ही. आठ दिवस पाणी गढूळ ऱ्हाईल, पिता येणार नाय. निभावून नेऊ कसंतरी."

आठ दिवस म्हणजे काय ते त्यांच्याइतके कुणाला कळत होते? विहिरीशी बायकांची रांग लागली होती. सगळ्यांनी ऐकले. सगळ्यात पुढे कोपऱ्यातल्या घरची म्हातारी आजी होती, घागरीवर हात ठेवून. ती म्हणाली, "करू द्या सरांना. त्यांची हीर हाय. आमी बगू दुसरीकडं."

दुसरीकडे कुठे, ते तिला माहीत नव्हते आणि आम्हालाही.

सरांनी विहिरीत पाहिले. मग रांगेकडे पाहिले. मग हर्सूलच्या सरांकडे.

"नको," ते म्हणाले.

"का?" हर्सूलच्या सरांनी विचारले. "मी एवढ्या लांबून आलोय."

"तीन बाजू तुमच्या झाल्या. एक अजून माझी आहे. तीही तुमची निघाली तर मी रविवारी फोन कशाला करू?"

"भित्रा आहेस."

"आहे."

साफ खोटे होते ते. ज्या माणसाने ओल्या कपड्यांनी फोन करून तीन बाजू देऊन टाकल्या, तो चौथीला भिणार होता? त्या बायकांना आपल्यावर उपकार झाले असे वाटू नये, म्हणून त्याने भरल्या अंगणात स्वतःला भित्रा म्हणवून घेतले. मला त्या माणसाचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि रहीमभाईंना म्हणाल्या, "चहा घ्या अन् पंप घेऊन जा."

पण फुकट सोडतील तर ते सर कसले. वीज नव्हती, मोटर बंद होती. त्यांनी आजीच्या हातातला दोर घेतला, बादली सोडली आणि ओढता ओढता तिला सांगायला लागले की पूर्वेच्या बाजूला लाव्ह्याने जमीन कशी खाल्ली आहे. चंद्रावर अगदी असाच नाला आहे म्हणाले. पुढची बाई आली, तिलाही तेच. घागर भरेपर्यंत प्रत्येकीला चंद्रावर जाऊन यावे लागत होते. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, पण एकही बाई 'आटपा' म्हणाली नाही. आजीची घागर केव्हाच भरली होती, तरी ती कठड्याशी बसून होती.

हर्सूलच्या सरांना हे कुठवर सहन होणार? ते काठी कठड्याला टेकवून पुढे आले, दोराला हात घातला आणि बायकांना म्हणाले, "ताई, हे चूक सांगताहेत बरं का. लाव्ह्याने काही खाल्लेलं नाही. तो आपला शांत..."

"ओ, तुमी गप ऱ्हावा," आजी म्हणाली. "पाणी सरांनी दिलंय. त्यांचंच खरं."

रांगेतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. हर्सूलचे सर दोर ओढायला लागले, आणि आमच्या सरांनी लाव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.